‘फँटेसिया’ : एका फसलेल्या खेळाची हकीकत

जादूगाराच्या अर्धशिक्षित शिष्याची गोष्ट युरोपांत फार जुनी आहे. गुरु बाहेर गेल्याची संधि साधून शिष्य चोरून ऐकलेला मंत्र म्हणतो; त्यासरशी निर्जीव झाडूला हातपाय फुटून तो पाणी भरूं लागतो; आणि पाणी पुरे होऊन घर बुडण्याची वेळ आली तरी त्याला थांबविण्याचा मंत्र कांहीं शिष्याला येत नाहीं. मेलेल्या सिंहाला जिवंत करणाऱ्या विद्वानांची पंचतंत्रांतील गोष्ट ज्यांनीं लहानपणीं ऐकली आहे, त्यांना या कथेचें मर्म निराळें समजावून सांगावयास नको. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत ल्यूशियन या ग्रीक भाषेंत लिहिणाऱ्या लेखकानें ती सांगितली. त्याच्या गोष्टींत झाडूऐवजीं मुसळ पाणी भरतें. १७९७ सालीं जर्मन महाकवि गटे यानें तिच्यावर कविता लिहिली. बरोबर शंभर वर्षांनीं, १८९७ सालीं, पॉल ड्यूका या फ्रेंच संगीतकारानें त्या कवितेवरून वाद्यवृंदासाठीं एक रचना केली. १९४० सालीं वॉल्ट डिस्नी यांच्या ‘फँटेसिया’ या चित्रपटांत त्या रचनेला चित्ररूप मिळून मिकी माउस हा शिष्य झाला. आणि १९९१ सालीं सेगा कंपनीनें त्याच मिकीला, त्याच्या निळ्या टोपीसह, घरांतील दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाच्या व्हिडिओ गेममध्यें उतरविलें. ल्यूशियनपासून डिस्नीपर्यंतचीं चारही रूपें आज मानानें नांदत आहेत. सेगाचें रूप मात्र जन्मतःच निंदेचा विषय झालें आणि थोड्याच अवधींत बाजारांतून काढून घेतलें गेलें.

एका फसलेल्या व्हिडिओ गेमची हकीकत वाङ्मयाला आणि कलेला वाहिलेल्या मासिकांत कशाला, अशी शंका कांहीं वाचकांना येईल. ती अगदींच अस्थानीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु यशस्वी रूपांतराकडे पाहून रूपांतराचे नियम सहसा कळत नाहींत, कारण तेथें सर्व सांधे बेमालूम बसलेले असतात. फसलेल्या रूपांतरांत सांधा नेमका कोठें निखळला हें उघड दिसतें. शिवाय पुष्कळ घरांतून मुलांची जुन्या कथांशीं पहिली ओळख आतां पुस्तकाच्याही आधीं पडद्यावरील खेळांतून होते. ती ओळख कोणत्या प्रकारची आहे, याचा विचार वडील मंडळींनीं करावयास हवा.

प्रथम मूळ चित्रपटाची हकीकत पाहूं. १९३७ च्या सुमारास मिकी माउसची लोकप्रियता ओसरूं लागली होती. त्याच कंपनीचा डोनल्ड डक त्याच्या पुढें जाऊं पाहत होता. मिकीला पुन्हा उजेडांत आणावें या हेतूनें डिस्नी यांनीं ड्यूकाच्या रचनेवर एक छोटा चित्रपट काढण्याचें योजिलें. त्याच वर्षीं हॉलिवुडमधील एका उपाहारगृहांत त्यांची आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे विख्यात संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांची गांठ पडली, आणि स्टोकोव्स्कींनीं या संगीताचें संचालन आपण करूं असें सांगितलें. १९३८ च्या जानेवारींत ध्वनिमुद्रण झालें. चित्रें काढतां काढतां या एका प्रकरणाचा खर्च सव्वा लाख डॉलरांच्याही वर गेला. छोट्या चित्रपटापासून एवढी रक्कम परत मिळणें शक्यच नव्हतें. दुसरा एखादा व्यापारी येथें हात आखडता घेता. डिस्नी यांनीं बाख, चायकोव्हस्की, स्ट्राव्हिन्स्की, बेथोव्हेन, पोंकिएली, मुसोर्गस्की आणि शूबर्ट यांच्या रचना तिला जोडल्या आणि सुमारें दोन तासांची एक संपूर्ण मैफलच पडद्यावर मांडली.

या चित्रपटाच्या घडणींत एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. तेथें संगीत आधीं आणि चित्र मागाहून, असा क्रम होता. चित्रपटाच्या एका सेकंदांत चोवीस चित्रें सरकतात. कोणता ठोका कितव्या चित्रावर पडतो याचा हिशेब चित्रकाराच्या हातीं असे, आणि त्या हिशेबानें तो पात्राचें पाऊल, मान, हात हालवी. बसून नामक जाड आवाजाच्या सुषिर वाद्यावर ड्यूकाची ती लंगडत चालल्यासारखी धून सुरू होते, आणि झाडू तिच्या चालीवर पाऊल टाकतो. प्रेक्षकाला वाटतें कीं संगीतानेंच त्या काष्ठांत प्राण घातला. मिकीचा चेहराही या प्रकरणासाठीं नव्यानें काढण्यांत आला; पूर्वींच्या नुसत्या काळ्या ठिपक्यांच्या जागीं त्याच्या डोळ्यांत बुबुळें आलीं, म्हणजे तो नजरेनें बोलूं लागला. ध्वनीसाठीं तेवढेच परिश्रम झाले. फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाचें मुद्रण तेहतीस ध्वनिग्राहकांच्या साहाय्यानें करण्यांत आलें, आणि प्रेक्षागृहांत आवाज एका पडद्यामागून न येतां चहूंकडून यावा यासाठीं ‘फँटासाउंड’ नांवाची नवी यंत्रणा आर.सी.ए. कंपनीच्या साहाय्यानें सिद्ध झाली.

१३ नोव्हेंबर १९४० रोजीं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरांत हा चित्रपट प्रथम दाखविला गेला. आणि येथें वाचकांना कदाचित् अनपेक्षित वाटेल अशी गोष्ट सांगावयाची आहे : चित्रपटही त्या वेळीं पडला. त्याला बावीस लाख डॉलरांहून अधिक खर्च आला होता. ध्वनीची नवी यंत्रणा इतकी महाग आणि अवजड होती कीं ती मोजक्याच शहरांत बसवितां आली. महायुद्धामुळें युरोपची बाजारपेठ बंद झाली होती. बेथोव्हेनच्या संगीतावर अश्वमानव आणि मदनाचीं बाळें नाचविणें हें कित्येक संगीतज्ञांना रुचलें नाहीं, आणि ज्यांच्या रचना घेतल्या त्यांपैकीं त्या वेळीं हयात असलेले एकटे स्ट्राव्हिन्स्की यांनीं पुढें या चित्रपटाविषयीं कडवट उद्गार काढले. १९४२ सालीं वितरक आर.के.ओ. कंपनीनें कात्री चालवून तो सुमारें ऐंशी मिनिटांवर आणला. १९४६ सालीं त्याला पुष्कळसें मूळ रूप परत मिळालें. तरी तोट्यांतून बाहेर पडावयास १९६९ चें पुनःप्रदर्शन यावें लागलें. त्या पिढीच्या तरुणांना त्यांतील रंगांचें वेड लागलें. १९९० सालीं, पन्नास वर्षें पुरीं झालीं तेव्हां, तो डागडुजी करून पुन्हा पडद्यावर आला, आणि नोव्हेंबर १९९१ मध्यें त्याची व्हिडिओ कॅसेट केवळ पन्नास दिवसांच्या मुदतीसाठीं म्हणून विक्रीस निघाली. एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. जो चित्रपट पन्नास वर्षांपूर्वीं प्रेक्षकांअभावीं कापावा लागला होता, तो आतां अमेरिकेंतील घराघरांत जाऊन बसला.

याच हंगामांत ‘फँटेसिया’चा खेळ बाजारांत आला. त्याच्या पूर्वपीठिकेसाठीं आपल्याला थोडें मागें जावें लागेल.

मिकीची ही टोपी खेळांत येण्याची ती पहिली वेळ नव्हती. १९८३ सालीं अटारी कंपनीनें आपल्या २६०० या यंत्रासाठीं ‘सॉर्सरर्स अप्रेंटिस’ नांवाचा खेळ काढला होता. हें यंत्र १९७७ सालचें. त्याच्या स्मरणांत एका वेळीं अवघीं १२८ अक्षरें मावत, आणि त्याच्या गळ्यांतून एका वेळीं दोनच आवाज निघत. एवढ्या भांडवलावर स्टोकोव्स्कींच्या वाद्यवृंदाशीं बरोबरी करण्याची अपेक्षा कोणी केली नाहीं, आणि त्या खेळानेंही तसा आव आणला नाहीं. त्याच वर्षीं अमेरिकेंतील व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. १९८२ च्या नाताळासाठीं ‘ई.टी.’ या चित्रपटावरून एका प्रोग्रॅमरनें सुमारें पांच आठवड्यांत केलेला खेळ त्या पडझडीचें प्रतीक मानला जातो. त्याच्या न खपलेल्या प्रती इतर मालाबरोबर १९८३ सालीं न्यू मेक्सिको संस्थानांतील अलामोगोर्डो येथें कचऱ्याच्या खड्ड्यांत पुरण्यांत आल्या, आणि २०१४ सालीं त्या उकरून काढल्यावर जगाची खात्री पटली. सणाचा मुहूर्त गांठण्यासाठीं चित्रपटाच्या नांवावर खेळ घाईनें उभा करण्याचा परिणाम काय होतो, हा धडा ‘फँटेसिया’च्या आठ वर्षें आधीं मिळून चुकला होता.

१९९१ पर्यंत मात्र यंत्रें पुष्कळ सुधारलीं होतीं. सेगाचें मेगा ड्राइव्ह हें यंत्र १९८८ सालीं जपानांत निघालें आणि पुढच्या वर्षीं ‘जेनेसिस’ या नांवानें अमेरिकेंत आलें. पांचशें बारा रंगांपैकीं चौसष्ट रंग तें एका वेळीं पडद्यावर दाखवूं शके, आणि यामाहा कंपनीच्या चकतीवरून सहा स्वरप्रवाह, व दुसऱ्या लहान चकतीवरून आणखी कांहीं, एकदम वाजवूं शके. १९९० सालीं याच यंत्रासाठीं सेगाच्या जपानी मंडळींनीं ‘कॅसल ऑफ इल्यूजन’ हा मिकीचा खेळ केला, आणि तो सर्वांना आवडला. त्यांतील मिकी पळतांना थांबला तर काठावर तोल सांवरी. उडी मारली तर ती खेळणाऱ्याच्या मनांत होती तेवढीच पडे. १९९१ च्या जूनमध्यें सेगाचा ‘सॉनिक’ आला. ऑगस्टमध्यें प्रतिस्पर्धी निंटेंडोनें आपलें नवें यंत्र अमेरिकेंत आणलें. नाताळची चढाओढ समोर दिसत होती, आणि सेगाला मिकीचा दुसरा खेळ तेवढ्यांत हवा होता. हें काम फ्रान्समधील लिऑन येथील इन्फोग्राम्स या संस्थेकडे गेलें, आणि नाताळपूर्वीं माल दुकानांत पोंचावा या घाईंत तें उरकलें गेलें.

खेळाची कल्पना ऐकावयास वाईट नाहीं. मिकी झोपीं जातो आणि स्वप्नांत संगीताचे स्वर हरवतात. ते त्यानें शोधून आणावयाचे. त्यासाठीं त्याला जल, पृथ्वी, वायु आणि अग्नि अशा चार सृष्टींतून धांवत, उड्या मारीत, वाटेंतील शत्रूंना चुकवीत जावें लागतें. दृश्यें चित्रपटांतून उचललेलीं आहेत, आणि त्यांतील कांहीं पार्श्वचित्रें त्या यंत्राच्या मानानें सुरेख आहेत. हें त्या वेळच्या टीकाकारांनींही नाकारलें नाहीं. पण खेळ हातीं घेतला कीं दुःख सुरू होतें. कळ दाबावी आणि मिकीनें क्षणभर विचार करून मग हालावें, असा त्याचा चालण्याचा प्रकार. शत्रूच्या डोक्यावर उडी मारली असें दिसावें आणि मार मात्र मिकीला बसावा. पुरेसे स्वर सांपडले नाहींत तर पुढची वाट खुली होत नाहीं, म्हणून तीच जागा पुन्हा धुंडाळावी. ज्या खेळाचें नांवच संगीताशीं बांधलेलें, त्यांत स्वर म्हणजे नुसते वेंचावयाचे मणी झाले; ते मिळाले म्हणून संगीत भरत जात नाहीं, आणि हरवले म्हणून तें मोडतही नाहीं.

संगीताविषयीं सर्वांत अधिक तक्रार झाली. चित्रपटांतील थोर रचना त्या चकतीच्या पातळ, धातूसारख्या आवाजांत वाजूं लागल्या, आणि ज्यांच्या कानांत स्टोकोव्स्कींचें मुद्रण होतें त्यांना तें ऐकवेना. येथें यंत्राला दोष देण्याचा मोह होतो. पण तो आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. पेटीवर मींड निघत नाहीं, हें खरें. म्हणून पेटीचा जाणता वादक मींडेच्या वाटेला जातच नाहीं. पेटीला जें साधतें त्यांतून तो आपली बढत करतो. त्याच यंत्रावर, त्याच वर्षीं, युझो कोशिरो या जपानी संगीतकारानें ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’ या खेळासाठीं केलेलें संगीत आजही लोक आवडीनें ऐकतात. कोशिरो यांनीं त्या चकतीचा धातूसारखा स्वर ओळखून त्याला शोभेल असें नृत्यसंगीत रचलें. ‘फँटेसिया’च्या कारागिरांनीं शंभर वाद्यांचें काम त्या चकतीवर लादलें आणि ती गुदमरली.

यावरून मूळ सांधा कोठें निखळला तें दिसेल. चित्रपटांत मिकी संगीताचा हुकूम पाळतो, आणि त्या आज्ञाधारकपणांतच चित्रपटाची सारी मोहिनी आहे. खेळाचें माध्यम निराळें. त्यांत पात्रानें खेळणाऱ्याच्या बोटांचा हुकूम पाळावयाचा असतो. बोट आणि पाऊल यांमधील अंतर जितकें कमी, तितका खेळ जिवंत. द्यावयाचें होतें तें हें, कीं चित्रपटांत संगीत आणि गति यांचें जें नातें होतें तसेंच नातें खेळांत बोट आणि गति यांचें जुळावें. १९९१ च्या खेळांत मिकी धड संगीताचें ऐकत नाहीं आणि धड बोटांचेंही ऐकत नाहीं. टोपी, झगा, झाडू, ताऱ्यांचें आकाश, हीं सर्व बाह्य चिन्हें जागच्या जागीं आहेत. ज्या नात्यामुळें त्यांना अर्थ होता तें नातें तेवढें तेथें नाहीं. गटेनें ल्यूशियनची मुसळ टाकून झाडू घेतला, ड्यूकानें शब्दच टाकले, डिस्नी यांनीं शिष्याचा उंदीर केला. मूळ वस्तु त्यांनीं बेधडक बदलली, पण प्रत्येकानें आपल्या माध्यमाला त्या गोष्टींत काय करतां येईल याचा आधीं विचार केला होता.

पुढची घटना या हकीकतीला निराळें वळण देते. खेळ विक्रीस आल्यावर थोड्याच काळांत डिस्नी कंपनीच्या इच्छेवरून त्याची विक्री थांबविण्यांत आली. वॉल्ट डिस्नी १९६६ सालींच वारले होते. पण त्यांचे पुतणे रॉय ई. डिस्नी कंपनींत वजनदार होते, आणि ‘फँटेसिया’ हें नांव असल्या कामासाठीं कोणाला द्यावयासच नको होतें, असें त्यांचें मत पडलें, हें त्याचें कारण म्हणून सांगण्यांत येतें. रॉय यांना या चित्रपटाविषयीं किती जिव्हाळा होता याची साक्ष पुढील काळानें दिली. मैफलींत जशा दर खेपेस नव्या चिजा याव्यात, तशीं ‘फँटेसिया’त अधूनमधून नवीं प्रकरणें घालावीं, ही त्यांच्या काकांची अपुरी राहिलेली इच्छा होती, ती मनांत धरून रॉय यांनीं ‘फँटेसिया २०००’ हा चित्रपट सिद्धीस नेला आणि डिसेंबर १९९९ मध्यें न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें तो प्रथम दाखविला. त्यांत ड्यूकाच्या रचनेचें जुनें प्रकरण तसेंच्या तसें ठेवलें आहे.

तरीही या सर्व प्रकारांत लिऑनच्या कारागिरांच्या माथीं सर्व खापर फोडणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. नांव विकणारे, तें घेणारे आणि तारीख ठरविणारे निराळे होते. चित्रपटाच्या वेळीं खर्च हाताबाहेर गेला तेव्हां मालकानें काम वाढविलें आणि मुदत लांबविली. खेळाच्या वेळीं मुदत अढळ राहिली आणि काम आंखडलें. दोघांच्याही वाट्यास प्रथम अपयशच आलें; पण चित्रपटाच्या अपयशांत पुढच्या पिढीनें येऊन शोधावें असें कांहीं शिल्लक होतें. त्या खेळाच्या प्रती आज जुन्या वस्तु जमविणारे बाळगून आहेत. परंतु ‘त्या काळीं लोकांना कळला नाहीं’ असें त्याच्याविषयीं फारसें कोणी म्हणत नाहीं.

चित्रपटावरून चांगला खेळ होतच नाहीं, असा निष्कर्ष यावरून काढूं नये. दोनच वर्षांनीं, १९९३ सालीं, त्याच मेगा ड्राइव्ह यंत्रासाठीं ‘अल्लादीन’चा खेळ निघाला. तो करतांना डिस्नीच्या चित्रकारांनीं स्वतः कागदावर पात्रांच्या हालचाली काढून दिल्या, आणि व्हर्जिन कंपनीच्या मंडळींनीं त्या यंत्रांत अशा बसविल्या कीं चित्राचा डौलही राहिला आणि बोटाच्या इशाऱ्यासरशीं पात्र धांवूंही लागलें. त्याच्या लाखों प्रती खपल्या. आणि २०१४ सालीं हार्मोनिक्स या संगीताच्या खेळांसाठीं नांवाजलेल्या संस्थेनें ‘फँटेसिया’चा नवा खेळ काढला. त्यांत मिकीला पळविणें नाहीं कीं शत्रूवर उडी मारणें नाहीं. कॅमेऱ्यासमोर उभें राहून खेळणाऱ्यानें स्वतः हात हालवावयाचे, आणि त्या हातांच्या तालावर संगीताचें रूप पालटावयाचें. म्हणजे खेळणारा स्वतःच जादूगाराचा शिष्य, आणि कांहीं अंशीं स्टोकोव्स्कीही. तेवीस वर्षांपूर्वीं निसटलेलें नातें येथें कोणींतरी पुन्हा विचारपूर्वक जुळवून पाहिलें.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं लहान मुलें आहेत, त्यांनीं एखाद्या सुटीच्या दिवशीं मूळ चित्रपटांतील तें नऊ-दहा मिनिटांचें प्रकरण मुलांना दाखवावें. झाडूचें पहिलें पाऊल पडतें तेव्हां त्यांना फक्त एवढेंच विचारावें : त्याला कोण चालवीत आहे? ज्या मुलाला याचें उत्तर एकदां सांपडलें, त्याला पुढें कोणताही खेळ हातीं आला तरी त्यांतील पात्र कोणाचा हुकूम पाळतें आहे, हें आपलें आपणच कळूं लागेल.